चौकोनातली खूण

“परत गेलं,” बाबा फोनवर म्हणाले.

“काय गेलं?”

“ब्राउझर. आधी सगळं पांढरं झालं आणि मग गपकन मिटलं.”

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. डबा बाजूला सारून मी म्हटलं, “काळजी करू नका. मी सांगते तसं करा. वर उजव्या कोपऱ्यात तीन रेघा दिसतायत का?”

“अगं, राहू दे. तू जेव. सबनीसबाई येतीलच आता.”

आणि त्यांनी फोन ठेवला. मी तशीच कानाला फोन लावून बसले. हल्ली बाबा मला मदत मागायला फोन करतच नव्हते. नुसती बातमी द्यायला करत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि बाबा मिरजेला एकटे राहत होते, स्टेशनजवळच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. सगळा जन्म त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून काढला होता. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, एकट्याने. बोलायची सवय अशी त्यांना लागलीच नाही. “तुझे वडील घुमे आहेत, पण वाईट नाहीत,” असं आई म्हणायची. मी एकुलती एक. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायचे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडतो आणि का मोडतो, हे शोधून काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम.

बाबांचा कॉम्प्युटर मला नोकरी लागल्यावर मीच त्यांना घेऊन दिलेला. आता त्याची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी म्हातारी झाली होती की नवीन काही तिच्यावर चालत नव्हतं. ब्राउझर होता तोही मागच्याच आवृत्तीवर अडकलेला. तो कोसळत होता यात मला काही नवल वाटत नव्हतं. तो कोसळल्यावर बाबांना माझी गरज पडत नव्हती, हे मात्र मला झोंबत होतं.

सबनीसबाई वर्षभरापूर्वी खालच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. हेमलता सबनीस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आजारी आईचं करण्यात बरीच वर्षं गेलेल्या. ती गेल्यावर मोठं घर विकून या छोट्या फ्लॅटमध्ये आल्या. एवढं सगळं मला बाबांनीच सांगितलं होतं. बाबांनी! ज्यांना शेजारच्या कदमांना मुलं किती हे पंधरा वर्षांत माहीत झालं नव्हतं.

“मी दोन दिवस मिरजेला जाऊन येते,” त्या रात्री मी तुषारला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं.

“का गं? बाबांना बरं नाहीये?”

“त्यांचा ब्राउझर चालत नाहीये.”

तुषारने माझ्याकडे नीट बघितलं. “ब्राउझरसाठी तू रजा काढणार?”

“मग काय झालं? माझे वडील आहेत.”

तो उठून पाणी प्यायला गेला. आणखी काही बोलला असता तर भांडणच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न कळवता मिरजेला पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉम्प्युटरच्या टेबलापाशी, खुर्चीवर सबनीसबाई बसल्या होत्या. पांढरे झालेले केस, आखूड कापलेले. फिकट निळी साडी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि त्यांच्या शेजारी, स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून घेऊन, हातात चहाचा कप धरून बाबा. बाबा हसत होते. दात दिसतील असे हसत होते.

“अरे! तू? आज कशी?” बाबा उठले.

“सहज,” मी म्हटलं. “कॉम्प्युटर बघून टाकावा म्हटलं एकदाचा.”

“झालाय की तो नीट,” सबनीसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार स्वच्छ होता, एकेक अक्षर सुटं. “नेहमीचंच होतं ते. तू आसावरी ना? बस, चहा आहे अजून.”

माझ्या घरात त्या मला ‘बस’ म्हणत होत्या. ‘नेहमीचंच’ म्हणजे काय, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण त्यांच्याकडून शिकायचं? मी बॅग आतल्या खोलीत टाकली आणि हातपाय धुवायला गेले.

बाहेर त्यांचं चालूच होतं. स्वयंपाकघरात पाणी पिताना मला सगळं ऐकू येत होतं.

“आता थोडं खाली घ्या. हां. हा खानापूरचा फाटा. आता रुळांच्या कडेकडेने चला.”

“हे काय, मोठं हिरवं?”

“जंगल. इथून लोंडा लागेपर्यंत सगळं जंगलच.”

मी दारातून डोकावले. पडद्यावर नकाशा होता, उपग्रहाने काढलेल्या फोटोंचा. बाबा बोटाने रूळ दाखवत होते आणि बाई माउसने त्या रुळांवरून पुढे सरकत होत्या.

“इथे कुठेतरी आमची गाडी बाजूला घ्यायचे,” बाबा म्हणाले. “पॅसेंजरला वाट द्यायला. बाहेर मिट्ट काळोख. आणि जवळच पाणी पडल्याचा आवाज यायचा, धो धो. इतकी वर्षं ऐकला, पण ते काय आहे ते मला कधी कळलं नाही. माझी ड्युटी तिथे कधी दिवसा लागलीच नाही.”

“थांबा, थांबा. हे बघा.” बाईंनी चित्र मोठं केलं. झाडांच्या मधे एक निळा तुकडा आणि त्याला आडवी पांढरी रेघ. “बंधारा आहे हो! छोटासा बंधारा!”

“हात्तिच्या,” बाबा म्हणाले. आणि दोघंही लहान मुलांसारखे त्या पांढऱ्या रेघेकडे बघत बसले.

“मला लोंड्याचं एक्स्चेंज सापडेल का?” बाईंनी विचारलं. “ट्रंक कॉल लावायचे तेव्हा रोज बोलायचे मी त्यांच्याशी. मिरज बोलतेय, लोंडा द्या. तिथे एक ऑपरेटर होते, ते ‘हॅलो’ म्हणाले की मागे कोंबडा आरवायचा. भर दुपारी! मी सगळ्या गावांशी बोलले, पाहिलं मात्र एकही नाही.”

“मी सगळ्या गावांतून गेलो,” बाबा म्हणाले, “पण अंधारात.”

मला तिथून हलता येईना. माझे वडील बोलत होते. न थांबता, कुणी न विचारता बोलत होते. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

“आता मागे घटप्रभेला चला. तिथली एक गंमत सांगायची राहिली. आसावरी झाली ना, तेव्हा मी मालगाडीवर होतो. घटप्रभेला गाडी थांबली तर स्टेशनमास्तर पळत पळत अगदी शेवटपर्यंत आले. म्हणाले, उपळेकर, मिरजेहून निरोप आहे, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आणि लगेच सिग्नल पडला. गाडी सुटली. आता सांगायचं कुणाला? डब्यात मी एकटा! मग काय केलं, प्रत्येक फाटक आलं की बाहेर वाकायचो आणि गेटमनला ओरडून सांगायचो, मुलगी झाली! त्यांना काय ऐकू जात असेल देव जाणे. एकाने तर लाल कंदील दाखवला, त्याला वाटलं गाडीला काहीतरी झालं.”

बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, “आसावरीला सांगितलंत हे?”

“नाही. असंच राहून गेलं.”

मी पेला ओट्यावर ठेवला. माझ्या जन्माची गोष्ट होती ती. माझी. आणि ती मी दाराआडून ऐकत होते, दुसऱ्या बाईला सांगितली जाताना.

रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, “हा कॉम्प्युटरचा डबा टाकून देऊ आता. मी नवीन लॅपटॉप पाठवते.”

“छे, छे! तू घेऊन दिलेला आहे तो. मी असेपर्यंत तोच राहणार.”

हे ऐकून मला जरा बरं वाटलं. पोळीवर तूप जास्तच वाढलं मी त्यांना.

सकाळी पेपर वाचून झाल्यावर बाबा कॉम्प्युटरपाशी गेले आणि थोड्या वेळात त्यांची हाक आली. “गेलं गं परत!” आणि तसेच चपला पायात सरकवून जिन्याकडे निघाले.

“कुठे निघालात?”

“बाईंना सांगून येतो.”

“बाबा.” मी त्यांना दारातच अडवलं. “माझं कामच आहे हे. कंपनी मला याचा पगार देते. आज त्यांना बोलवायचं नाही. मी बघते.”

बाबांनी चपला काढल्या. त्या नीट जोडीने लावल्या आणि येऊन स्टुलावर बसले.

मी सगळी सकाळ त्या मशीनशी झटापट केली. आधी साठलेला सगळा कचरा साफ केला. कधीकाळी काहीतरी डाउनलोड करताना चिकटलेल्या दोन पट्ट्या वर लोंबत होत्या, त्या काढून टाकल्या. नवीन प्रोफाइल करून पाहिलं. ब्राउझर काढून पुन्हा टाकला, जुन्या सिस्टिमवर चालणारी शेवटची आवृत्ती शोधून. साध्या पानांवर तो व्यवस्थित चालायचा. बातम्या उघडा, गाणी उघडा, काही नाही. पण नकाशा उघडून जरा इकडेतिकडे सरकवला, की पडदा पांढरा आणि खेळ खलास.

बाबा अस्वस्थ होते. दर थोड्या वेळाने म्हणायचे, “अगं, सुट्टीवर आलीस आणि कशाला डोळे फोडतेस?” मी ऐकत नव्हते. हार मानायची आणि खाली जाऊन त्या बाईला वर बोलवायचं, हे मला जीव गेला तरी जमणार नव्हतं. पडदा पांढरा झाला की मला त्यांचा तो स्वच्छ आवाज ऐकू यायचा. नेहमीचंच होतं ते.

दुपारी जेवण झाल्यावर एकदाचा धागा सापडला. नकाशासारखी जड चित्रं रंगवायचं काम ब्राउझर कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर ढकलतो. कार्ड इतकं जुनं होतं की त्या कामाखाली ते दबून जायचं आणि जाताना ब्राउझरलाही घेऊन जायचं. सेटिंग्जमध्ये खोल आत त्यासाठी एक छोटा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असेल तर काम कार्डाकडे जातं, खूण काढून टाकली तर नाही. मी नव्याने टाकलेल्या ब्राउझरमध्ये ती खूण होतीच, असतेच ती. मी ती काढली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि नकाशा लावला.

मिरजेपासून निघाले. बेळगाव, खानापूर, लोंडा. वर, खाली, जवळ, लांब. पडदा हलला नाही.

“बघा!” मी ओरडले. “झालं!”

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. “कायमचं?”

“कायमचं. आता कुणाला बोलवायला नको.”

“छान झालं,” बाबा म्हणाले.

मी वाट बघत होते की ते स्टूल जवळ ओढतील आणि म्हणतील, चल, तुला घटप्रभा दाखवतो. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, “दाखवा ना तुमची स्टेशनं.”

“दाखवू की. आता जरा पडतो.”

त्या संध्याकाळी ते दोनदा गॅलरीत आणि एकदा जिन्यापर्यंत जाऊन आले. खालच्या दाराची कडी वाजली की त्यांचं बोलणं मधेच थांबायचं. सबनीसबाई आल्या नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी पिठलं केलं होतं, बाबांच्या आवडीचं. त्यांनी अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केटात गेले. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतायचं होतं, म्हणून तुषारसाठी भडंग आणि थोडी भाजी घेऊन अकराच्या सुमारास घरी आले. जिना चढतानाच हसण्याचा आवाज कानावर आला.

बाई खुर्चीत होत्या. बाबा स्टुलावर.

“परत गेलं होतं गं,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. “तू नव्हतीस, म्हणून मग यांना...”

“पण मी काल कायमचं केलं होतं!”

“जुनं मशीन,” बाबा म्हणाले. “त्याला काय कळतंय.”

बाई उठल्या. “मी निघते. कुकर लावायचाय.” जाताना माझ्या दंडाला हलका हात लावून गेल्या. मी भाजीची पिशवी तशीच जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. सेटिंग्ज उघडली. चौकोन रिकामा होता. बाईंनी नुकताच नीट केलेला. पण असल्या जुन्या ब्राउझरमध्ये, कुठल्या क्षणी काय बदललं याची नोंद कुठे राहते ते मला ठाऊक होतं. सकाळी मी घराबाहेर पडल्यानंतर थोड्या वेळाने कुणीतरी तो चौकोन उघडून खूण लावली होती. आणि त्यानंतर कुणीतरी ती काढली होती.

ती आपोआप लागत नाही. ती हाताने लावावी लागते.

मला जे वाटायचं होतं ते लगेच वाटलं. असं आहे तर! आधी हळूच बिघडवायचं आणि मग वर येऊन दुरुस्त करायचं. वर चहा. वर माझ्या वडिलांच्या गोष्टी. मला इतका संताप आला की बाबा काय विचारतायत तेही ऐकू आलं नाही. मी जिना उतरले आणि सबनीसबाईंचं दार वाजवलं.

“ये ना,” त्या म्हणाल्या. हात पदराला पुसत होत्या.

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. “एक विचारायचंय. तुम्हाला आमच्याकडे यायचं असेल तर सरळ या. त्यासाठी माझ्या वडिलांचा कॉम्प्युटर बिघडवायची काय गरज आहे?”

त्यांना काही कळलं नाही. “कुणी बिघडवला?”

“तुम्ही. ती खूण. सेटिंग्जमधल्या चौकोनातली. काल मी ती काढली होती. आज ती परत लावलेली होती.”

“हो, होती ना. मी काढली मगाशी. मी तर गेले कित्येक महिने तेच करतेय, येते आणि ती खूण काढते.” त्या जराही रागावल्या नव्हत्या. एखादा चुकीचा लागलेला कॉल सोडवून द्यावा तसं बोलत होत्या. “दर वेळी परत येते ती. मला वाटलं, जुनी सिस्टिम आहे, मशीन बंद केलं की आपोआप लागत असेल.”

“आपोआप लागत नाही ती.”

“नाही?”

“नाही. कुणीतरी तिथपर्यंत जाऊन लावल्याशिवाय नाही. हे बघा, माझं कामच आहे ते. मला कळतं.”

“नक्की?”

“नक्की!”

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. आत कुकरची शिट्टी झाली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “पण आसावरी, मी लावत नाही.”

“मग कोण...” मी म्हटलं आणि तिथेच थांबले.

त्या कॉम्प्युटरला हात लावणारी तीनच माणसं होती. मी बाजारात होते.

मला आठवलं ते सगळं उलट्या क्रमाने आठवलं. बाबांचं ‘कायमचं?’ असं विचारणं. जोडीने लावून ठेवलेल्या चपला. ‘तू घेऊन दिलेला आहे तो’. ‘मला कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही’ असं जे सांगायचे, त्यांनी स्टुलावर बसून त्या बाईंचा हात कुठे कुठे जातो ते एकदा नीट पाहून ठेवलं होतं. जन्मभर अंधारात सिग्नल वाचलेला माणूस. त्याला एक चौकोन काय अवघड होता!

समोर सबनीसबाईंचा चेहरा बदलत चालला होता. गालांवर रंग चढला होता. साठी उलटलेल्या बाईचा चेहरा असा उजळताना मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. त्या हसल्या नाहीत. फक्त आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि चपला न घालताच माझ्या शेजारून जिना चढायला लागल्या.

मी त्यांना सांगायला आले होते की तुमचं पितळ उघडं पडलंय. आणि मीच त्यांना सांगून बसले होते की माझे वडील त्यांची वाट बघतात.

मी मागोमाग वर गेले. बाबा भाजीची पिशवी उचलून आत नेत होते. बाईंना बघून तसेच उभे राहिले.

“काय झालं? काही राहिलं का?”

“उपळेकर, ती खूण तुम्ही लावता?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आली होती, ती त्यांनी आत दाबली.

“हो,” ते म्हणाले.

“का?”

“मशीन चांगलं चाललं असतं तर तुम्ही कशाला जिना चढला असता?”

“हाक मारायची होती.”

“काय कारण सांगून?”

बाई पुढे गेल्या आणि बाबांच्या हातातली पिशवी काढून घेऊन टेबलावर ठेवली.

“आसावरी,” बाबा म्हणाले, “जरा दूध घेऊन येतेस?”

दूध घरात होतं. सकाळी मीच तापवलेलं. माझ्या वडिलांनी त्याआधी मला कधी खोलीतून बाहेर जायला सांगितलं नव्हतं. मी पाकीट घेतलं, दार ओढून घेतलं आणि दुकानापर्यंत जाऊन दूध आणलं. येताना खालच्या पायरीवर बसून राहिले. वरून काही ऐकू येत नव्हतं. मला रडू येत होतं ते आईसाठी की स्वतःसाठी, हे मी ठरवू शकत नव्हते. एक गोष्ट मात्र मनात स्पष्ट होती. माझ्यासाठी बाबांनी काही बिघडवलं असतं तर मला आवडलं असतं.

संध्याकाळी दोघंही मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी सुटताना बाबांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला. “रागावलीस?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. आणि हात तसाच ठेवून गाडीबरोबर थोडं चालले.

पुढच्या वर्षी त्यांनी सांगलीला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदार म्हणून मी आणि तुषारने सह्या केल्या. कॉम्प्युटर त्यानंतर लवकरच भंगारात गेला. ती दोघं दिवसाच्या गाड्यांनी फिरायला लागली, आणि त्यांचं ते फिरणं बरीच वर्षं चाललं. मी सुट्टीत जायचे. हेमलताबाई माझ्याशी नेहमी चांगल्या वागल्या. मीही त्यांच्याशी नीट वागले. त्या बाबांच्या ताटात न विचारता लोणचं वाढायच्या तेव्हा माझा हात आपोआप बरणीकडे जायचा, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले. शेवटचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी आल्याबरोबर हेमलताबाई उशाशी असलेल्या खुर्चीवरून उठल्या. “तू लेक आहेस, तू बस,” म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी दुपारभर बाबांचा हात धरून बसले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी डोळे उघडले.

“ती कुठंय?”

“मी इथेच आहे, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट ओळखून, मायेने पाहिलं. माझी बोटं किंचित दाबली.

“तू आहेस गं. ती कुठंय?”

मी बाहेर आले. हेमलताबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. “तुम्ही आत जा,” मी म्हटलं.

“बस ना तू अजून. दमली नाहीस ना?”

“नाही. ते तुम्हाला विचारतायत.”

त्या उठल्या. साडी सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि दार ढकलून आत गेल्या. मी त्यांच्या जागेवर बसले. बाक अजून ऊबदार होता. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून बाबांचा आवाज यायला लागला, क्षीण, मधेमधे धाप लागलेला. शब्द कळत नव्हते. मला हेवा वाटत होता. मी उठून दार हळूच लावून घेतलं आणि परत येऊन बसले. आत ते बराच वेळ बोलत होते.